बारा संघ, एक शेवटचा हंगाम: अमेरिकेतील महिला कॉलेज बास्केटबॉलची 'कॉन्फरन्स' म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलची बातमी वाचताना मराठी वाचक पहिल्यांदा अडखळतो तो 'कॉन्फरन्स' या शब्दापाशी. आपल्याकडे कॉन्फरन्स म्हटले की व्यासपीठ, भाषणे आणि चहापान डोळ्यांसमोर येते. तिकडे कॉलेज खेळांत हा शब्द विद्यापीठांच्या एका कायमस्वरूपी गटासाठी वापरला जातो. या गटातील संघ दरवर्षी ठरलेल्या संख्येने एकमेकांशी खेळतात, गटाचा स्वतंत्र गुणतक्ता असतो, सामन्यांच्या प्रक्षेपणाचे करार गटाच्या नावाने होतात आणि हंगामाच्या शेवटी गटाचा विजेता ठरतो. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमधील पश्चिम विभाग, दक्षिण विभाग यांची यावरून आठवण होईल. परंतु आपला विभाग स्पर्धेच्या दिवसांपुरता एकत्र येतो, तर कॉन्फरन्समधील विद्यापीठे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या गावी जाऊन खेळत राहतात, आणि त्या सततच्या जाण्या-येण्यातूनच चुरस, वैर आणि आठवणी तयार होतात.

ही रचना समजून घेण्यासाठी पॅक-१२ या कॉन्फरन्सचा २०२३-२४ चा महिला हंगाम घेणे मला सर्वांत योग्य वाटते. एक तर त्या हंगामात खेळाचा दर्जा फार वरचा होता. दुसरे कारण दुःखाचे आहे. तो हंगाम सुरू होण्याआधीच कॉन्फरन्स मोडल्याचे सर्वांना ठाऊक होते. बारापैकी दहा विद्यापीठांनी आपण पुढच्या वर्षी दुसरीकडे जाणार असल्याचे जाहीर केले होते, आणि तरीही त्या बारा संघांतील मुली नोव्हेंबर ते मार्च आपल्या घरच्या कोर्टावर जीव तोडून खेळल्या. एखादी व्यवस्था कशी चालत होती हे ती मोडताना फार स्पष्ट दिसते.

पॅक-१२ म्हणजे प्रशांत महासागराच्या बाजूची, अमेरिकेच्या पश्चिमेकडील बारा विद्यापीठे. २०११ पर्यंत ही संख्या दहा होती. त्या वर्षी कोलोरॅडो आणि युटा आल्यावर ती बारा झाली. महिला बास्केटबॉल या कॉन्फरन्समध्ये १९८६-८७ पासून खेळले जाऊ लागले. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा १९७२ मध्ये झाला आणि कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या 'एनसीएए' या संघटनेची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली, हे लक्षात घेतले तर चार दशकांत या मुलींनी किती मोठी मजल मारली आहे हे कळते. २०२१ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना याच कॉन्फरन्सच्या दोन संघांत झाला आणि स्टॅनफर्डने ॲरिझोनाला ५४-५३ असे एका गुणाने हरवले.

आता हंगामाच्या रचनेकडे वळू. ढोबळमानाने त्याचे तीन टप्पे असतात. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये संघ बाहेरच्या कॉन्फरन्समधील संघांशी खेळतात. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत कॉन्फरन्समधील साखळी सामने होतात. त्यानंतर चार-पाच दिवसांची कॉन्फरन्सची बाद पद्धतीची स्पर्धा होते. या तिन्हींच्या पलीकडे ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा असते आणि सगळा खटाटोप तिथे पोहोचण्यासाठी, किंबहुना तिथे चांगले मानांकन मिळवून पोहोचण्यासाठी चाललेला असतो.

पहिल्या टप्प्याला बरेच प्रेक्षक सरावाचे सामने समजतात, आणि इथेच मोठा गैरसमज होतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती ज्या आकडेवारीचा आधार घेते तिला 'नेट' क्रमवारी म्हणतात. तुम्ही किती सामने जिंकलात एवढेच ती पाहत नाही. समोरचा संघ किती बलवान होता आणि सामना तुमच्या कोर्टावर झाला, परक्या कोर्टावर झाला की तटस्थ ठिकाणी, हेही ती मोजते. आता एक साधे गणित करून पाहावे. पॅक-१२ मध्ये बारा संघ प्रत्येकी १८ साखळी सामने खेळत, म्हणजे एकूण १०८ सामने. त्यातून १०८ विजय आणि बरोबर १०८ पराभव निघणार. घरातल्या घरात एकाने मिळवले की दुसऱ्याने गमावलेच. त्यामुळे संपूर्ण कॉन्फरन्सची पत बाहेरच्यांशी झालेल्या सामन्यांतच ठरते. डिसेंबरपर्यंत सगळ्यांनी मिळून चांगली कमाई केलेली असेल, तर पुढे जानेवारीत एकमेकांशी हरतानाही फारसे नुकसान होत नाही, कारण तो पराभव चांगल्या संघाकडून झालेला असतो. एकत्र कुटुंबाच्या पतपेढीसारखी ही व्यवस्था आहे: प्रत्येकाने पहिल्या दोन महिन्यांत जमा करायचे आणि पुढचे दोन महिने त्याच पुंजीवर सर्वांनी व्यवहार करायचा.

पॅक-१२ ने ती पुंजी पहिल्याच दिवशी भरभरून जमा केली. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी लास व्हेगसमध्ये कोलोरॅडोने राष्ट्रीय स्पर्धेच्या गतविजेत्या आणि अव्वल मानांकित एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ९२-७८ असे हरवले. त्याच दिवशी, त्याच शहरात यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ओहायो स्टेटला ८३-७४ असे नमवले, आणि त्यात जुजू वॉटकिन्स या पहिल्या वर्षाच्या मुलीने कॉलेजमधील आपल्या पहिल्याच सामन्यात ३२ गुण केले. महिन्याच्या अखेरीस यूसीएलएने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) कनेटिकटसारख्या बलाढ्य संघाला ७८-६७ असे पराभूत केले. हे तीन निकाल तीन वेगळ्या संघांचे असले, तरी त्यांचा लाभ बाराही संघांना झाला.

दुसरा टप्पा हा कॉन्फरन्सचा खरा प्राण असतो आणि पॅक-१२ ची त्यातली एक पद्धत मला फार आवडत असे. बारा विद्यापीठांच्या सहा जोड्या लावलेल्या होत्या: स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ), यूएससी आणि यूसीएलए, ओरेगन आणि ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, कोलोरॅडो आणि युटा. यांना प्रवासातल्या जोडीदार म्हणत. पाहुणा संघ सहसा शुक्रवारी जोडीतील एकाशी आणि रविवारी दुसऱ्याशी खेळे. मधल्या शनिवारी थोडे अंतर कापून पुढच्या गावी जाई. लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठे तर एकाच शहरात आहेत, आणि ॲरिझोनाच्या दोघींमधले अंतर साधारण मुंबई-पुण्याएवढे आहे. कोलोरॅडो आणि युटा या जोडीत मात्र रॉकी पर्वत आडवा येत असे. एकंदरीत मुली गुरुवारी निघत आणि सोमवारी वर्गात हजर होऊ शकत. या मुली विद्यार्थिनी आहेत, त्यांना परीक्षा असतात, ही गोष्ट वेळापत्रक आखणाऱ्यांनी पूर्वी विचारात घेतलेली होती, याची ती खूण होती.

अकरा प्रतिस्पर्धी आणि अठरा सामने म्हटल्यावर प्रत्येकाशी दोनदा खेळणे शक्य नव्हते. म्हणून प्रत्येक संघ सात संघांशी घरी आणि बाहेर असे दोनदा, तर उरलेल्या चार संघांशी एकेकदाच खेळे. यात थोडाफार नशिबाचा भाग येई, कारण बलवान संघाशी एकदाच गाठ पडली तर ते वर्ष सोपे जाई. जोडीदाराशी मात्र दोनदा खेळणे अटळ असे, आणि सर्वांत चुरशीचे सामने तेच होते. ३० डिसेंबर २०२३ रोजी यूसीएलए आणि यूएससी एकही सामना न हरता समोरासमोर आल्या. यूसीएलएच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये तेरा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले आणि यजमानांनी ७१-६४ असा विजय मिळवला. दोन आठवड्यांनी यूएससीने आपल्या घरी ७३-६५ अशी परतफेड केली. एकाच शहरातल्या दोन विद्यापीठांच्या मुलींसाठी एवढी गर्दी व्हावी, हे पाहून ज्यांनी रिकाम्या बाकांसमोर हा खेळ खेळला असेल अशा जुन्या खेळाडूंचे डोळे नक्कीच पाणावले असतील.

जानेवारीत आणखी एक मोठी गोष्ट घडली. स्टॅनफर्डच्या प्रशिक्षिका तारा व्हॅनडरवीर यांचे २१ जानेवारी २०२४ रोजी १,२०३ विजय पूर्ण झाले आणि ड्यूकच्या माइक शशेफस्की यांचा १,२०२ विजयांचा विक्रम मागे पडला. कॉलेज बास्केटबॉलमध्ये, पुरुष आणि महिला दोन्ही मिळून, त्या दिवशी त्यांच्याइतके विजय कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते. समोर ओरेगन स्टेटचा संघ होता, आणि स्टॅनफर्डची आधारस्तंभ असलेली कॅमरॉन ब्रिंक दोनच दिवसांपूर्वी दुखापत झाल्याने बाहेर बसली होती. तिची उणीव किकी इरियाफेनने ३६ गुण करून भरून काढली आणि सामना ६५-५६ असा जिंकला. व्हॅनडरवीर १९८५ मध्ये स्टॅनफर्डला आल्या होत्या, म्हणजे या कॉन्फरन्समध्ये महिला बास्केटबॉल सुरू होण्याच्याही आधी. हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. कॉन्फरन्सचा महिला बास्केटबॉलमधील सारा प्रवास त्यांच्या कारकिर्दीत सामावलेला आहे.

यानंतर २ फेब्रुवारीची ती संध्याकाळ. यूएससीचा संघ स्टॅनफर्डच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये आला होता. जुजू वॉटकिन्स लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली, श्रमजीवी वस्तीत वाढलेली मुलगी; देशभरातली विद्यापीठे तिच्यासाठी उत्सुक असताना तिने घराजवळचे विद्यापीठ निवडले. त्या सामन्यात तिने एकटीने ५१ गुण केले आणि यूएससीने ६७-५८ असा विजय मिळवला. हे आकडे जरा उलगडून पाहिले पाहिजेत. संघाच्या ६७ गुणांपैकी ५१ तिचे, म्हणजे बाकी सगळ्या मिळून १६. तिच्या १४ फेकी जाळ्यात गेल्या, त्यांपैकी सहा तीन गुणांच्या रेषेबाहेरून होत्या. शिवाय १९ पैकी १७ फ्री थ्रो तिने साधले. फ्री थ्रो मिळतात ते समोरचीने धक्का दिला, हात मारला तेव्हा. स्टॅनफर्डच्या बचावपटूंना तिला नियमात राहून अडवता येत नव्हते, हे त्या १९ च्या आकड्यावरून कळते. परक्या कोर्टावर, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर अठरा वर्षांच्या मुलीने हे केले. त्या हंगामात तिने एकूण ९२० गुण केले, आणि पहिल्या वर्षाच्या कोणत्याही खेळाडूने एका हंगामात त्याआधी एवढे गुण केले नव्हते.

साखळी संपली तेव्हा स्टॅनफर्ड १५ विजय आणि ३ पराभवांसह पहिल्या स्थानी होती. यूएससी आणि यूसीएलए दोघी १३-५ वर बरोबरीत होत्या. साखळीतले पहिले स्थान हेही अधिकृत विजेतेपदच असते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे, कारण ते दोन महिन्यांच्या सातत्यावर मिळते. पण राष्ट्रीय स्पर्धेचे हमखास तिकीट साखळीच्या विजेत्याला मिळत नाही. ते मिळते मार्चमधील बाद स्पर्धेच्या विजेत्याला. नवख्या वाचकाला हे अन्यायाचे वाटेल, आणि छोट्या कॉन्फरन्समध्ये तो अन्याय खरोखर होतो. तिथे साखळीत सर्वांना हरवणारा संघ एका वाईट संध्याकाळी हरला की त्याचे राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद होऊ शकते.

पॅक-१२ ची ही शेवटची स्पर्धा ६ ते १० मार्च २०२४ या काळात लास व्हेगसमध्ये झाली. पहिल्या चार संघांना थेट उपांत्यपूर्व फेरीत प्रवेश होता, बाकीच्या आठ जणींना एक सामना जास्त खेळावा लागला. उपांत्य फेरीत यूएससी आणि यूसीएलए तिसऱ्यांदा भिडल्या; निर्णय व्हायला दोनदा जादा वेळ लागला आणि यूएससी ८०-७० अशी जिंकली. अंतिम सामन्यात स्टॅनफर्डने फेब्रुवारीतला धडा नीट गिरवला होता. वॉटकिन्सला त्यांनी असे जखडले की तिला फक्त ९ गुण करता आले. पण संघ एका खेळाडूचा नसतो. हार्वर्डमधून यूएससीत आलेल्या मॅकेन्झी फोर्ब्सने २६ गुण केले आणि यूएससीने ७४-६१ अशा फरकाने शेवटचा चषक उचलला. एकाच हंगामात, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, एका विजयात वॉटकिन्सचे ५१ आणि दुसऱ्यात ९. यूएससीच्या प्रशिक्षिका लिंडसे गॉटलीब यांनी हा संघ किती विचारपूर्वक बांधला होता, ते या दोन आकड्यांमधील अंतर सांगते.

राष्ट्रीय स्पर्धेतील ६८ जागांपैकी त्या वर्षी ३२ जागा ३२ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना होत्या आणि ३६ जागा निवड समितीच्या हाती. पॅक-१२ मधून यूएससी विजेती म्हणून गेली, शिवाय समितीने आणखी सहा संघ घेतले. बारापैकी सात! नोव्हेंबरमध्ये जमा केलेल्या पुंजीचे हे फळ होते. महिलांच्या स्पर्धेत मानांकनाला आणखी एक मोल आहे: पहिल्या सोळा मानांकित संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या आपल्या घरी खेळायला मिळतात. स्टॅनफर्ड, यूएससी, यूसीएलए आणि ओरेगन स्टेट या चौघींना तो मान मिळाला, आणि अखेरच्या सोळा संघांत पॅक-१२ चे पाच होते.

मग इतकी चांगली कॉन्फरन्स मोडली का? उत्तर बास्केटबॉलमध्ये सापडत नाही, ते अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. कॉलेज खेळांतील प्रक्षेपण हक्कांचा बहुतांश पैसा पुरुषांच्या फुटबॉलभोवती फिरतो. पॅक-१२ चा प्रक्षेपण करार २०२४ मध्ये संपत होता. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलएने बिग टेन या अधिक श्रीमंत कॉन्फरन्समध्ये जाण्याची घोषणा केली आणि लॉस एंजेलिसची बाजारपेठ हातची गेल्यावर पॅक-१२ ला पुरेसा मोठा नवा करार मिळेना. जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोरॅडोने बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्सकडे जाण्याचे ठरवले. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोनाची दोन्ही विद्यापीठे आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे निघाली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल यांना एसीसीने, म्हणजे 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'ने, सामावून घेतले. या नावातील पहिली दोन अक्षरे अटलांटिक किनाऱ्याची आहेत. प्रशांत महासागराकाठच्या विद्यापीठांनी त्या गटात जावे लागणे यातच सगळी विसंगती दिसून येते. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोघींना कोणी बोलावले नाही.

महिला संघांना या निर्णयात आवाज नव्हता, आणि त्यामागे पैशाच्या वाटपाची एक जुनी रीत आहे. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ जसजसा पुढे जातो तसतसा त्याच्या कॉन्फरन्सला ठरावीक रकमेचा हिस्सा मिळतो. महिलांच्या स्पर्धेत असा हिस्सा देण्याची पद्धत २०२५ पर्यंत नव्हतीच. म्हणजे २०२४ मध्ये पॅक-१२ च्या सात संघांनी जे काही जिंकले, त्यापोटी कॉन्फरन्सच्या तिजोरीत या मार्गाने एक डॉलरही आला नाही. ज्या कामगिरीची किंमत हिशेबात धरलीच जात नाही, ती वाटाघाटींच्या टेबलावर मांडता येत नाही. हिस्सा देण्याचा निर्णय जानेवारी २०२५ मध्ये झाला. पॅक-१२ च्या दृष्टीने तो फार उशिरा झाला, याची मला मनापासून खंत वाटते.

पुढे काय झाले ते दोन निकालांतून सांगता येईल. ९ मार्च २०२५ रोजी बिग टेनच्या अंतिम सामन्यात यूसीएलएने ७२-६७ असा विजय मिळवला आणि समोरचा संघ होता यूएससी. एकाच शहरातल्या या दोन शेजारणी कॉन्फरन्सचा चषक ठरवण्यासाठी सुमारे तीन हजार किलोमीटर दूर, इंडियानापोलिसला गेल्या होत्या. त्याच वर्षी स्टॅनफर्ड १९८७ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिली.

दुसरा निकाल ओरेगन स्टेटचा. २०२३-२४ च्या हंगामाआधी प्रशिक्षकांनी वर्तवलेल्या क्रमवारीत हा संघ दहावा होता आणि प्रत्यक्षात चौथा आला. पॅक-१२ च्या उपांत्य फेरीत स्टॅनफर्डकडून हरूनही त्याला राष्ट्रीय स्पर्धेत तिसरे मानांकन मिळाले, पहिले दोन सामने कॉर्व्हॅलिस या आपल्या गावी खेळायला मिळाले आणि तो अखेरच्या आठ संघांपर्यंत पोहोचला. त्यानंतर कॉन्फरन्सच उरली नाही. संघातील रेगन बीअर्स ओक्लाहोमाला गेली, तालिया व्हॉन ओलहॉफन यूएससीला, टिमिया गार्डिनर यूसीएलएला. उरलेला संघ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाला, जिथे विजेतेपदावाचून राष्ट्रीय स्पर्धेची खात्री नव्हती. ११ मार्च २०२५ रोजी, पुन्हा लास व्हेगसमध्येच, प्रशिक्षक स्कॉट रूक यांच्या मुलींनी पोर्टलंडला ५९-४६ असे हरवून ते विजेतेपद आणि त्यासोबतचे हमखास तिकीट मिळवले. या वेळी मानांकन चौदावे होते आणि पहिला सामना खेळायला त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनाला जावे लागले.